वेटलिस्ट

सनडान्स चालला.

म्हणजे बंद पडत नाहीये, घाबरू नका. फक्त गाव सोडून चाललाय. 2027 पासून हा चित्रपट महोत्सव शेजारच्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर नावाच्या गावी भरणार. यंदा, 2026 च्या जानेवारीत, युटामधल्या पार्क सिटीत तो शेवटचा भरला आणि फेब्रुवारीच्या एक तारखेला संपला. 1981 पासून दर हिवाळ्यात जो पाहुणा एका छोट्या डोंगरी गावात दहा-अकरा दिवस मुक्कामाला यायचा, तो बॅगा भरून निघाला.

मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. पार्क सिटी इथून जेमतेम पन्नास किलोमीटर, घाटाने वर. या महोत्सवाशी माझं नातं काय म्हणाल, तर वेटलिस्टवाल्याचं. मी सिनेमातला माणूस नाही, प्रोग्रॅमर आहे. पण गेली बावीस वर्षं, मधली काही वगळून, जानेवारी म्हटला की मला दुसरं काही सुचत नाही. त्यामुळे बातमी आली तेव्हा बायको म्हणाली, "तुझ्या घरचंच कोणीतरी चाललंय असा चेहरा करू नकोस." केला होता बहुतेक.

2003 च्या शरदात मी इथे आलो. पहिला हिवाळा. सॉल्ट लेकचा जानेवारी कसा असतो ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. हे शहर म्हणजे डोंगरांनी घेरलेली कढई आहे. थंडीत गार हवा तळाशी बसते, वर गरम हवेचं झाकण, आणि गाड्यांचा नि कारखान्यांचा सगळा धूर त्यात कोंडून राहतो. इथले लोक त्याला 'इन्व्हर्जन' म्हणतात. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. असल्या करड्या दिवसांत ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याने विचारलं, वर सनडान्स चालू आहे, येतोस का? मला वाटलं स्कीइंगचं काहीतरी असेल.

घाट चढायला लागलो आणि अर्ध्या वाटेवर एकदम झाकण उघडलं. निळंभोर आभाळ, पांढरेशुभ्र डोंगर, डोळे दिपवणारं ऊन. खाली वळून पाहिलं तर सगळं शहर दुधट ढगाखाली गडप. मला आजही सनडान्स म्हटलं की पहिल्यांदा सिनेमा आठवत नाही, ते वळण आठवतं.

वर गेल्यावर आम्ही रांगेत उभे राहिलो. तिकिटं अर्थातच नव्हती. ती आधीच संपलेली असतात, किंवा ज्यांच्याकडे पास असतो त्यांची असतात. आमच्यासारख्यांसाठी वेटलिस्ट. तेव्हाची पद्धत अशी, की खेळाच्या दोनेक तास आधी जाऊन रांग लावायची, नंबराचा कागद घ्यायचा, मग परत यायचं, आणि आतल्या खुर्च्या भरून जितक्या उरतील तितके नंबर आत. पैसे रोख. उणे दहा तापमानात, पायांखाली बर्फ, आणि आत जायला मिळेल की नाही याची काही खात्री नाही. मी मनात म्हटलं, हे लोक वेडे आहेत. आणि मग लक्षात आलं की हे मी बाबांना सांगितलं पाहिजे.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा कराडला शाळामास्तर होते. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी मिळून गावात फिल्म सोसायटी काढली होती. तेव्हा देशभर ती चळवळच होती. 1959 साली सत्यजित राय अध्यक्ष होऊन फिल्म सोसायट्यांचा फेडरेशन स्थापन झाला, 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, आणि संग्रहालय लहानसहान सोसायट्यांना सिनेमे दाखवायला द्यायचं. बाबा महिन्यातून एकदा एसटीने पुण्याला जायचे आणि सोळा मिलिमीटरच्या रिळांचे डबे ट्रंकेत घालून आणायचे. ट्रंक टपावर ठेवू द्यायचे नाहीत. पायाशी ठेवायचे आणि कंडक्टरशी त्यावरून वाद घालायचे. शाळेच्या हॉलमध्ये पांढरा पडदा, उसना प्रोजेक्टर, मधे मधे रीळ बदलताना अंधारात खोकले. 'बायसिकल थीव्ज', 'पथेर पांचाली'. मी फार लहान होतो, मला त्यातलं प्रोजेक्टरचं घुर्रर्र एवढंच आठवतं.

सभासद चाळीस. येणारे अकरा-बारा. त्यातले चार संस्थापक :-) पुढे टीव्ही आला, व्हिडिओ आला, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी सोसायटी बंद झाली. निरोप समारंभ वगैरे काही नाही. एका महिन्यात खेळ झाला नाही, पुढच्या महिन्यातही झाला नाही, बस्स.

तर त्या रात्री मी कॉलिंग कार्डावरून फोन लावला. साडेबारा तासांचा फरक, तिकडे सकाळ. बाबांना म्हटलं, इथे जवळच सिनेमाचा महोत्सव आहे, सनडान्स.

"रॉबर्ट रेडफोर्डचा? त्या 'सनडान्स किड'वाल्याचा?"

त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. मग त्यांनी सिनेमाचं नाव नाही विचारलं. विचारलं, "रांग होती का?"

म्हटलं, होती. बर्फात. दोन तास.

"किती माणसं असतील?"

म्हटलं, दोनशे तरी.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं कार्ड संपलं. मग म्हणाले, "बरं. आता सिनेमा सांग."

सिनेमा होता 'प्रायमर'. त्या वर्षीचं, 2004 चं, ग्रँड ज्युरी पारितोषिक त्यालाच मिळालं. शेन कारुथ नावाच्या इंजिनिअरने साधारण सात हजार डॉलरमध्ये केलेला. दोन इंजिनिअर गॅरेजमध्ये काहीतरी यंत्र बनवतात आणि त्यातून कालप्रवास करता येतो असं निघतं. मी पंधरा मिनिटं सांगत होतो. कोण कुठल्या वेळातून कुठल्या वेळात गेला, तिथे आधीचा तोच कसा होता...

"म्हणजे तुला कळला नाही," बाबा म्हणाले. "मग तसं सांग ना."

तिथून आमची पद्धत पडली. दर जानेवारीत मी वर जाणार, मिळतील ते दोन-चार सिनेमे बघणार, आणि रात्री फोनवरून बाबांना अथपासून इतिपर्यंत सांगणार. आधी रांगेचा हिशोब, मग सिनेमा. ते तिकडे वाचनालयातून काही ना काही शोधून ठेवायचे आणि मला महोत्सवाचा इतिहास सांगायचे. म्हणजे मी पन्नास किलोमीटरवर राहून जे मला ठाऊक नव्हतं ते कराडहून कळायचं.

उदाहरणार्थ हे, की महोत्सव मुळात रेडफोर्डने काढलेला नाही. 1978 साली सॉल्ट लेक सिटीत 'युटा/यूएस फिल्म फेस्टिवल' या नावाने तो सुरू झाला. मागे होते रेडफोर्डच्या कंपनीतले स्टर्लिंग व्हॅन वॅगेनन आणि युटा राज्याच्या फिल्म कमिशनची माणसं. रेडफोर्ड पहिला अध्यक्ष, नावाला वजन यावं म्हणून. राज्याचा हेतू साधा होता. सिनेमावाल्यांनी युटात यावं, इथे चित्रीकरण करावं, चार पैसे इथे खर्च करावेत. पहिल्या वर्षी जुने गाजलेले अमेरिकन सिनेमेही दाखवले, 'मिडनाइट काउबॉय', 'मीन स्ट्रीट्स' वगैरे, आणि जोडीला हॉलिवुडबाहेर केलेल्या छोट्या सिनेमांची स्पर्धा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1981 साली तो वर पार्क सिटीत गेला आणि सप्टेंबरचा जानेवारीत. दिग्दर्शक सिडनी पोलॅकने सल्ला दिला म्हणतात, की हिवाळ्यात स्कीइंगच्या गावी भरवा, म्हणजे हॉलिवुडवाले धावत येतील. अगदी बरोबर ओळखलं होतं त्याने! पार्क सिटी हे मूळचं चांदीच्या खाणींचं गाव. चांदीचा भाव पडला, खाणी बसल्या आणि 1950 च्या सुमारास ते ओसाड गावांच्या यादीत जाऊन पोचलं होतं. 1963 साली स्कीइंग सुरू झालं म्हणून वाचलं. त्याच वर्षी, 1981 लाच, रेडफोर्डने डोंगरापलीकडच्या आपल्या जागेवर सनडान्स इन्स्टिट्यूट काढली. नवे लेखक-दिग्दर्शक बोलवायचे, त्यांना अनुभवी लोकांबरोबर बसवून पटकथेवर काम करू द्यायचं, चुकू द्यायचं. जागेला नाव होतं 1969 च्या त्याच सिनेमातल्या त्याच्या पात्राचं. 1985 मध्ये इन्स्टिट्यूटने महोत्सव चालवायला घेतला, आणि 1991 मध्ये महोत्सवालाही तेच नाव मिळालं.

बाबांना यातलं सगळ्यात काय आवडायचं, तर सभागृहं. सगळ्यात मोठं एकल्स थिएटर, बाराशेवर खुर्च्यांचं, ते पार्क सिटीच्या हायस्कूलचं आहे. दुसरं वाचनालयात, आणि वाचनालय जुन्या शाळेच्या इमारतीत. एक चक्क सिनेगॉगमध्ये. मेन स्ट्रीटवरचं 1926 सालचं इजिप्शियन सोडलं तर धड थिएटर म्हणावं असं फारसं काही नाही. जिथे हॉल मिळेल तिथे पडदा. "म्हणजे आमच्यासारखंच," बाबा म्हणायचे. "फक्त तुमच्याकडे माणसं येतात."

माणसं मात्र यायला लागली ती 1989 नंतर. त्या वर्षी स्टीव्हन सोडरबर्ग नावाच्या पंचविशीतल्या पोराचा 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप' इथे दाखवला गेला, प्रेक्षकांचं पारितोषिक मिळालं, पुढे कानला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि वितरकांच्या लक्षात आलं की या बर्फात पैसा आहे. मग रांगच लागली. 1992 मध्ये टॅरँटिनोचा 'रेझर्व्हॉयर डॉग्ज', 1993 मध्ये सात हजार डॉलरचा 'एल मारियाची', 1994 मध्ये दुकानात काम करणाऱ्या केव्हिन स्मिथचा 'क्लर्क्स', जो त्याने त्याच दुकानात रात्री चित्रित केला. 1999 चा 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' तर तुम्हाला माहीतच असेल. नकार मिळालेल्या काही दिग्दर्शकांनी 1995 साली त्याच गावात, त्याच दिवसांत 'स्लॅमडान्स' नावाचा वेगळा महोत्सव मांडला. बंडखोरांविरुद्ध बंडखोरी. हे ऐकून बाबा इतके हसले होते की आईने येऊन फोन घेतला आणि मला रागावली.

2006 मध्ये मी एकल्सबाहेर उभा होतो, ज्या रात्री आत 'लिटल मिस सनशाइन' चालू होता. माझा नंबर लागला नाही. दरवाज्यातून टाळ्या ऐकल्या फक्त, आणि त्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी बातमी, की साडेदहा मिलियन डॉलरला विकला गेला, इथला तोवरचा सगळ्यात मोठा सौदा. बाबांना म्हटलं, आज सिनेमा नाही, टाळ्याच सांगतो.

त्या काळात मीही इतरांसारखा कुरकुरायला लागलो होतो. मेन स्ट्रीटवर सिनेमापेक्षा फुकट वस्तूंचीच गर्दी जास्त. कंपन्या घरं भाड्याने घेऊन आत नटनट्यांना बूट, गॉगल, फोन वाटायच्या. एकही सिनेमा न बघता फक्त पिशव्या भरून जाणारे लोक होते. गावातले लोक दहा दिवसांसाठी आपली घरं भाड्याने देऊन बाहेर जायचे आणि त्यातून वर्षाची बेगमी करायचे. आयोजकांनाच शेवटी 2007 मध्ये 'सिनेमाकडे लक्ष द्या' अशा अर्थाचे बिल्ले वाटावे लागले. मी फोनवर बाबांकडे तक्रार केली, की आता पूर्वीसारखं राहिलं नाही. माझं 'पूर्वी' म्हणजे तीन वर्षं.

"रांग आहे ना अजून?"

आहे.

"मग झालं तर."

2010 मध्ये 'पीपली लाइव्ह' आला. अनुषा रिझवीचा. सॉल्ट लेकहून आम्ही सहा भारतीय दोन गाड्या करून गेलो, सहाही जणांना जागा मिळाली आणि आम्ही नको तितक्या मोठ्याने हसलो. बाबांना फोन केला तर म्हणाले, "हिंदी आला म्हणतोस? मग मराठीही येईल." मी म्हटलं, मराठी आला की तुम्ही या. ते म्हणाले, यंदा गुडघ्यांचं बघतो, पुढच्या वर्षी येतो. हे 'पुढच्या वर्षी' 2005 पासून चालू होतं. एकदा व्हिसाचं झालं नाही, एकदा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकदा मीच म्हटलं की थंडी फार असते, उन्हाळ्यात या. उन्हाळ्यात ते येऊनही गेले. मी त्यांना पार्क सिटी दाखवली. रिकामा मेन स्ट्रीट, इजिप्शियनचा बंद दरवाजा, आणि एकल्सच्या बाहेरचं आवार, जिथे रांग लागते. बाबा तिथे उभे राहिले आणि विचारलं, "कुठून कुठपर्यंत?" मी चालत जाऊन दाखवलं.

2012 च्या जानेवारीत, महोत्सवाच्या दिवसांत, बाबा गेले. मी सिनेमाला बसलो होतो, फोन बंद होता. बाहेर येऊन चालू केला तर भावाचे अकरा मिस्ड कॉल. कुठला सिनेमा होता ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. नंतर त्या वर्षीची यादी काढून पाहिली, तरी ओळख पटत नाही.

माझा पासपोर्ट तेव्हा नूतनीकरणासाठी एका कार्यालयात पडला होता. रोज फोन, रोज 'उद्या बघू'. हातात पडेपर्यंत नववा दिवस उजाडला. मी कराडला पोचलो तेव्हा तेरावाही उरकला होता, अंगणातला मांडव सोडत होते. दहावं धाकट्यानेच केलं. मी त्याला विचारलं, कावळा?

"लगेच शिवला, दादा. पाच मिनिटंसुद्धा नाही लागली."

त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. बाबांचं काही राहिलं नव्हतं, असंच ना. मला बरं वाटलं की वाईट, ते मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. माळ्यावर रिळांची ती ट्रंक होती. त्यात आता पापडाची पोलपाटं नि जुनी पंचांगं. आईने विचारलं, नेतोस का? विमानात कुठे नेणार.

त्यानंतर बरीच वर्षं मी वर गेलो नाही. कामं होती, मुलगी लहान होती, अशी कारणं देता येतील. सिनेमे नंतर आपोआप सगळीकडे दिसतातच. 2021 आणि 2022 मध्ये कोविडमुळे महोत्सवच घरी आला, लॅपटॉपवर. दोन-तीन पाहिले. ज्याला रांग नाही असा सनडान्स. 'कोडा' पाहिला, पंचवीस मिलियनला गेलेला. चांगला होता. कोणाला सांगितला नाही.

मग 2024 च्या डिसेंबरात यादी आली आणि त्यात मराठी नाव. 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे या दिग्दर्शकाचा पहिला मोठा सिनेमा. त्याआधी 2023 मध्ये सर्वनिक कौरचा मुंबईच्या कोळ्यांवरचा 'अगेन्स्ट द टाइड' हा माहितीपट इथे येऊन गेला होता आणि बक्षीसही घेऊन गेला होता, पण तेव्हा मी लक्ष देत नव्हतो. कथापट म्हणून मराठी सिनेमा इथे पहिलाच.

वेटलिस्ट आता फोनवर असते. ठरलेल्या मिनिटाला बटण दाबायचं, नंबर येतो, मग खेळाच्या थोडं आधी जाऊन उभं राहायचं. बर्फातले दोन तास वाचले. मी तरी सवयीने तासभर आधी गेलो. नंबर लागला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील वारल्यावर आईबरोबर गावी जातो, दहा दिवसांच्या सुतकासाठी. तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात आणि आनंदला लग्न का करायचं नाही हे त्याच्या आईला माहीत आहे, वडिलांनाही माहीत होतं. कानवडे स्वतः वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी गेला होता, त्यातूनच ही गोष्ट त्याला सुचली. प्रेमकथा आहे, आणि फार हळुवार आहे. परीक्षणं त्याबद्दलच लिहितात आणि बरोबरच आहे. पण मी दुसराच सिनेमा बघत होतो. मी दहा दिवस मोजत होतो. आज तिसरा. आज पाचवा. मला जे दहा दिवस मिळाले नाहीत ते युटाच्या डोंगरावर एका अंधाऱ्या हॉलमध्ये कोणीतरी मला एकेक करून दाखवत होतं. बायकांचं कुजबुजणं, पाहुण्यांचा चहा, कोणी कुठे निजायचं याची चर्चा. माझ्या भावाने हे सगळं एकट्याने काढलं होतं आणि मी कधी त्याला त्याबद्दल धड विचारलंही नव्हतं.

एक गंमत झाली. एका म्हातारीच्या बोलण्यावर मी हसलो आणि हॉलमध्ये माझा एकट्याचाच आवाज आला. एक क्षण शांतता. मग बाकीच्यांनी खालची इंग्रजी ओळ वाचली आणि तेही हसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सगळ्यांच्या आधी हसलो होतो. शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, ही तुमची भाषा का? म्हटलं हो. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, फिल्म माझीच असल्यासारखं.

बाहेर येऊन मी फोन काढला आणि भावाला लावला. तिकडे सकाळ. म्हटलं, रांग मोठी होती. तो म्हणाला, "कसली रांग?" त्याला ही पद्धत माहीत नव्हती. मी त्याला सिनेमा सांगायला घेतला, आणि मग अर्ध्यात थांबून विचारलं, की दहाव्याच्या दिवशी नक्की काय काय झालं होतं रे? तो तासभर बोलला.

आठवड्याने त्या सिनेमाला वर्ल्ड सिनेमा विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं.

आणि त्यानंतर दोन महिन्यांत, 2025 च्या मार्चमध्ये, स्थलांतराची घोषणा. शेवटच्या तीनात बोल्डर, सिनसिनाटी, आणि सॉल्ट लेक-पार्क सिटी मिळून एक, अशी नावं होती. बोल्डर ठरलं. इथे त्यावर खूप चर्चा झाली. पार्क सिटी महाग झाली, गर्दी पेलवत नाही असं म्हणणारे होते. त्याच सुमारास युटात शाळांवर आणि सरकारी इमारतींवर प्राइडचा झेंडा लावायला बंदी करणारा कायदा झाला, त्याकडे बोट दाखवणारे होते. आणि कोलोरॅडोने दहा वर्षांत मिळून 34 मिलियन डॉलरपर्यंतची करसवलत देऊ केली होती, तिचा हिशोब मांडणारे तर होतेच. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आता काढा. 1978 साली एका राज्य सरकारला बाहेरचा पैसा आणि माणसं आपल्याकडे यावीत म्हणून हा महोत्सव हवा होता. सत्तेचाळीस वर्षांनी दुसऱ्या एका राज्य सरकारला नेमक्या त्याच कारणासाठी तो हवा झाला. यात विश्वासघात वगैरे मला दिसत नाही. पाहुण्याला आपण वाढलं म्हणून तो आपला होत नाही. पण आमच्या ऑफिसातला एक अस्सल पार्क सिटीकर मला म्हणाला की त्याची आई तीस वर्षं तिकिटं फाडायला उभी राहायची, स्वयंसेवक म्हणून, फुकट, दरवर्षी नवीन रंगाचं जाकीट मिळायचं तेवढंच. ती सगळी जाकिटं कपाटात आहेत. त्याला मी काय सांगणार.

रेडफोर्ड 16 सप्टेंबर 2025 ला गेला, 89 व्या वर्षी, सनडान्सच्या त्याच डोंगरातल्या घरी. तरुणपणी तो शिकायला बोल्डरलाच होता म्हणे, तिथल्या एका हॉटेलात झाडलोटीचं काम करायचा. म्हणजे महोत्सव त्याच्या एका गावाहून दुसऱ्या गावाला चालला असंही म्हणता येईल. बाबांना हे आवडलं असतं. त्यांनी अर्थात मला आधीच सांगितलं असतं.

यंदा शेवटच्या रविवारी मी मुलीला घेऊन वर गेलो. ती पंधरा वर्षांची आहे, तिला सिनेमापेक्षा सिनेमाबद्दलचे व्हिडिओ जास्त आवडतात. बर्फ यंदा फारच कमी होतं. मेन स्ट्रीटवर लोक इजिप्शियनच्या पाटीखाली उभं राहून फोटो काढत होते, आम्हीही काढला. संध्याकाळच्या एका खेळासाठी दोघांनी आपापल्या फोनवर बटण दाबलं. तिचा नंबर माझ्या एक आधीचा आला.

रांग होती. एकल्सच्या आवारात, बाबांना जिथपर्यंत चालून दाखवलं होतं त्याच्याही पुढे. एकेक करत आत घेत होते. तिच्यापर्यंत आले, तिला आत घेतलं, आणि दारावरच्या आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, सॉरी, भरलं. मुलगी आतून वळून बघत होती, येऊ का परत, असं. मी हाताने म्हटलं, जा.

दोन तास मी बाहेर होतो. थोडा वेळ गाडीत, थोडा वेळ उभाच. त्या आजीही नंतर बाहेर आल्या, आता कोणी आत यायचं नव्हतं. त्यांनी विचारलं, बोल्डरला येणार का? आठ तास लागतात गाडीने, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ते विचारलं नाही मी.

उतरताना घाटात अंधार होता. मुलगी बोलायला लागली. सुरुवातीपासून. बाई कोण, ती कुठे निघालीय, कुत्रा कोणाचा, तो माणूस आधी कसा वाटतो आणि मग कसा निघतो. सगळं विस्कळीत, पुढचं मागे, मागचं पुढे, अर्धं इंग्रजीत. वळणानंतर खाली शहराचे दिवे यायला हवे होते, त्या जागी नुसतंच पिवळट धुकं. आम्ही त्यात शिरलो. मी वेग कमी केला.

"थांब बाबा," ती म्हणाली, "हे तुला असं कळणार नाही. मी पत्राचं सांगायला विसरले. पत्र आधी येतं. परत पहिल्यापासून सांगते."